तळहातावर लिहिलेली साखर
आरोग्य माहितीशास्त्रातील, म्हणजे रुग्णांची माहिती संगणकावर ठेवण्याच्या शास्त्रातील, परिचारिका म्हणजे 'संगणकावर नोंदी भरणाऱ्या सिस्टर' हे एका लेखात वाचलेले वर्णन मला अजिबात पटले नाही. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने या कामाला १९९२ मध्येच परिचर्येतील स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली असून, नोंद कुठे आणि कशी व्हावी हे ठरवणे हा त्याचा गाभा आहे.

नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात मी अतिदक्षता विभागात असताना आलेल्या नव्या संगणकीय नोंदप्रणालीत इन्सुलिनची मात्रा एका पानावर भरायची आणि त्याआधी तपासलेली साखर भलत्याच पानावर शोधायची, त्यामुळे रात्रपाळीच्या सिस्टर तो आकडा पेनाने तळहातावर लिहून मगच पान बदलत. (सॉफ्टवेअरवाल्यांना हे कळले, तेही एका सिस्टरने त्यांना पहाटे खाटेशेजारी उभे केल्यावर.) अशा सिस्टरला प्रणालीच्या पहिल्या बैठकीपासून बसवायला हवे आणि तेही रीतसर पद व पगार देऊन.