पाय वर केलेल्या टॅरँट्युलाचे फोटो टाकणाऱ्यांसाठी

कोळी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त लाइक कुठल्या फोटोला पडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढचे पाय हवेत, सुळे उघडे, सुळ्याच्या टोकाला विषाचा थेंब. खाली कमेंट येते, 'काय रागीट आहे!' माझं मत सरळ सांगतो. ज्याच्याकडे असे फोटो वारंवार निघतात, त्याचं पाळणं कुठेतरी चुकतंय.

टॅरँट्युला म्हणजे मोठे केसाळ कोळी. त्यातले ओल्ड वर्ल्ड टॅरँट्युला, म्हणजे आशिया आणि आफ्रिकेतल्या जाती. अमेरिकेतल्या जातींसारखे पोटावरून झाडून उडवायचे खाजरे केस त्यांना नसतात. जीव वाचवायला त्यांच्याकडे लपणं, पळणं आणि चावणं एवढंच असतं. पोइसिलोथेरिया (हौशी मंडळींची 'पोकी') धोका वाटला की आधी सालीमागे सटकते. आपल्या सह्याद्रीतली काइलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस बिळात शिरते, नाहीतर फिस्सकन आवाज काढते. आफ्रिकेची टेरिनोकाइलस म्युरिनस, म्हणजे 'ओबीटी' (ऑरेंज बबून टॅरँट्युला), तिच्या तापटपणासाठी बदनाम आहे, पण खोल माती आणि भरपूर जाळं विणायला आधार मिळाला तर झाकण उघडल्यावर तीही बहुतेक वेळा आत निघून जाते. तिने पाय वर केले याचा अर्थ लपायला जागा उरलेली नव्हती.

म्हणून सगळं कोळ्याच्या घरापासून, म्हणजे डब्यापासून सुरू होतं. झाडावर राहणाऱ्या मोठ्या पोकीला २० बाय २० सेंटिमीटर तळ आणि ३० सेंटिमीटर उंची पुरते. आत उभी पोकळ साल किंवा कॉर्कची नळी, आतून साधारण ६-७ सेंटिमीटर रुंद. खाली ८-१० सेंटिमीटर माती. इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी की नळीचं वरचं टोक झाकणाला टेकलेलं असतं. कोळी तिथेच जाळं विणतो, झाकणासकट. मग दर वेळी झाकण उघडलं की त्याच्या घराचं छप्परच फाटतं, आणि तो जाळ्यातून थेट तुमच्या बोटांसमोर येतो. नळी झाकणापासून निदान ५ सेंटिमीटर खाली ठेवा आणि शक्य असेल तर समोरून उघडणारा डबा घ्या.

बिळात राहणाऱ्या जातींना उंची कमी आणि माती जास्त लागते. मोठ्या मादीसाठी १५ सेंटिमीटरपेक्षा कमी माती नको, आणि मातीच्या वर झाकणापर्यंतची मोकळी उंची कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको, कारण हे जड पोटाचे प्राणी उंचावरून पडले की पोट फुटून मरू शकतात. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळलं की बीळ ढासळतं. त्यात खत न घातलेली बागेची माती मिसळा, थोडी ओली करून हाताने दाबून भरा. मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. पेन्सिलीने काचेलगत तिरकं भोक पाडून ठेवलं की कोळी तिथूनच खणायला घेतो.

हवेची भोकं समोरासमोरच्या दोन भिंतींना हवीत, नुसती झाकणाला नकोत. भोक कोळ्याच्या डोक्याकडच्या कवचापेक्षा लहान हवं, कारण कवच जिथून जातं तिथून पोट दाबून अख्खा कोळी जातो. पिल्लांसाठी एक-दीड मिलिमीटर. झाकणाला लोखंडी जाळी लावू नका. पायाच्या नख्या अडकतात, आणि लटकलेला कोळी पाय तोडून खाली पडतो.

पाण्याची वाटी भरायला डबा उघडायची गरजच नाही. भिंतीत वाटीच्या वर एक ४ मिलिमीटरचं भोक, त्यात मत्स्यालयाची बारीक नळी, बाहेर २० मिलीची सिरिंज. काम झालं की बूच. हे एवढं केलं तरी तोंडासमोर पाय उचलायचे निम्मे प्रसंग टळतात, असं मला वाटतं.

आता रीहाऊस, म्हणजे कोळ्याला नव्या डब्यात हलवणं. चावे आणि पळापळी बहुतेक याच वेळी होतात, त्यामुळे इथे घाई करणाऱ्याने हा छंद धरू नये. दिवसा करा, कोळी सुस्त असतो. दार बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल, पंखा आणि एसी बंद. पंखा महत्त्वाचा आहे. टॅरँट्युलाच्या पायांवरचे बारीक केस हवेची हालचाल ओळखतात, वाऱ्याची झुळूक आली की तो उधळतो. जुना आणि नवा दोन्ही डबे एका मोठ्या प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवा, ६० लिटरचा तरी. हाताशी ३० सेंटिमीटरचा चिमटा, लांब दांड्याचा मऊ ब्रश, आरपार दिसणारा रुंद तोंडाचा डबा आणि जाड पुठ्ठा.

नळीतली पोकी असेल तर कोळ्याला नळीबाहेर काढूच नका. दोन्ही तोंडांवर कापसाचे बोळे बसवा, नळी तशीच नव्या डब्यात उभी करा, खालचा बोळा राहू द्या, वरचा चिमट्याने काढा आणि झाकण लावा. कोळी रात्री स्वतः बाहेर येईल. उघड्यावर बसलेला असेल तर त्याच्यावर डबा उपडा ठेवा, पुठ्ठा हळूहळू खाली सरकवा. ब्रश लावायचा तो मागच्या पायांना, पुढून कधीच नाही. तो टबमध्ये पळाला तर हात मागे घ्या आणि थांबा. पळून पळून तो दोनेक मिनिटांत कोपऱ्यात बसतो. चिमट्याने त्याला पकडायला जाणं म्हणजे एक तर पाय तुटणार, नाहीतर तो चिमट्यावरून चढून मनगटावर येणार. आणि त्या वेळी दुसऱ्या हातात मोबाइल नसावा, हे मी कळकळीने सांगतोय.

मुंबईतले धोके वेगळे आहेत. थंडीची चिंता इथे नाही, हीटर लावूच नका. आपल्या घरांतला खरा शत्रू कीटकनाशक आहे. डासांच्या लिक्विड मशीनमध्ये पायरेथ्रॉइड वर्गातलं औषध असतं, तेच झुरळांच्या स्प्रेमध्ये आणि तेच डासांच्या धुरातही असू शकतं. कोळ्यावर ते थेट काम करतं: पाय थरथरतात, चाल बिघडते, मग पाय आत वळतात. सोसायटीची पेस्ट कंट्रोलची नोटीस लागली की आदल्या रात्री डबे दुसऱ्या घरी हलवा. ते जमलंच नाही तर स्वतःचं घर फवारणीतून वगळायला सांगा. गटारातली किंवा स्वयंपाकघरातली झुरळं खायला घालू नका, तीही विष खाऊन आलेली असू शकतात. क्रिकेट (रातकिडे) किंवा मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) घ्या, आकार कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको. मोठ्याला आठ-दहा दिवसांतून एक पुरे, आणि उरलेलं भक्ष्य दुसऱ्या दिवशी काढायचं. कात टाकताना कोळी पाठीवर आडवा पडतो, तेव्हा तो मेला समजून ढोसू नका. त्या अवस्थेत आत राहिलेला क्रिकेट त्याला कुरतडतो. नवे सुळे पांढरे असतात, ते पूर्ण काळे होईपर्यंत खाणं नाही.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला डब्यात पाण्याचा फवारा मारणं पूर्ण बंद. हवाच इतकी दमट असते की दोन दिवसांत बुरशी धरते. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, खडू नको. तो खडूही कीटकनाशकच.

चावा बसलाच तर साबणाने धुवा, आवळून पट्टी बांधू नका, जातीचं शास्त्रीय नाव कागदावर लिहून मोठ्या रुग्णालयात जा. पोकीच्या चाव्याने स्नायूंना तीव्र पेटके येतात, ते काही तासांनी सुरू होऊ शकतात आणि दिवसांनी परत येऊ शकतात. त्यावर प्रतिविष नाही. सापासाठीचं प्रतिविष इथे निरुपयोगी आहे, ते मागू नका.

आता कायद्याचं. पोइसिलोथेरियाची संपूर्ण प्रजाती २०१९ मध्ये सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात गेली. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. नोंदणी नसलेला, कागद नसलेला कोळी घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत पोलंडहून आलेल्या टपालाच्या एका पार्सलमध्ये सीमाशुल्क विभागाला १०७ कोळी सापडले होते, छोट्या कुप्यांमध्ये, फॉइल आणि कापसात गुंडाळलेले. आपला छंद याच वाटेने चालणार असेल तर तो बंद पडलेला बरा.

त्याहून मला जास्त छळतं ते जंगलातून उचलणं. पोइसिलोथेरिया मेटालिका, ती निळी, ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १८९९ मध्ये नोंदवली, त्यानंतर शंभर वर्षं कुणाला दिसली नाही, २००१ मध्ये आंध्रातल्या जंगलात पुन्हा सापडली. आज ती अतिसंकटग्रस्त आहे, आणि जगभर ती पाळायला विकली जाते. घाटातल्या दरडीतून फिम्ब्रिएटसची मादी खणून आणणाऱ्याला हे कळायला हवं की ही मादी वाढायला कित्येक वर्षं लागतात, आणि तिच्यासोबत त्या दरडीवरची पुढची पिढीही जाते. राष्ट्रीय उद्यानातून उचलणं तर थेट गुन्हा आहे. आणि परदेशी जात सांभाळणं जमत नसेल तर आरेच्या जंगलात सोडून देणं हा पर्याय नाही, कायदेशीर मार्गाने दुसऱ्या अनुभवी माणसाकडे द्या.

गणपतीला गावी जायचं असेल तर मोठ्या कोळ्याची काळजी करू नका. भरलेली वाटी असेल तर दोन-तीन आठवडे तो उपाशी राहतो. पिल्लांची माती मात्र लवकर वाळते, त्यांना कुणाकडे तरी ठेवा. डब्यावर जातीचं नाव, तुमचा नंबर आणि 'उघडू नये' लिहा. शेजाऱ्याला किल्ली देताना दोन गोष्टी सांगून जा: या खोलीत मच्छर मशीन लावायचं नाही आणि डबा हलवायचा नाही.