आधी नवं काय ते सांगा, शुगर नंतर

केसपेपरवर एकदा ‘शुगर’ किंवा ‘संधिवात’ लिहिलं गेलं की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खुंटीला टांगली जाते. पाय बधिर? शुगर. दम लागतो? वय झालं. खोकला? निपाणीची विडीकामगार बाई असेल तर तंबाखूची धूळ, अजून काय!

डॉक्टरांचं चुकतंच, पण निम्मी चूक आपली. सोबत आलेला मुलगा किंवा भाचा पेशंट स्टुलावर टेकायच्या आत सांगून मोकळा होतो, ‘शुगर पेशंट आहेत, अशक्तपणा आलाय.’ झालं. आता सगळं शुगरभोवतीच फिरणार.

पहिलं वाक्य फरकाचं हवं. ‘दम लागतो’ हे अर्धं गाव सांगतं. ‘महिन्यापूर्वी बेळगावचा अख्खा खडेबाजार न थांबता चालायचे, आता दोनदा उभं राहावं लागतं, आणि दहा दिवस झाले, आडवं झालं की श्वास कोंडतो’ असं सांगितलं तर हृदयाचा विचार करावाच लागतो. ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा होतो’ हे बाईमाणसानं म्हटलं की टेन्शन ठरतं आणि गॅसच्या गोळीवर बोळवण होते. म्हणून कधीपासून, दिवसातून किती वेळा, किती मिनिटं, कशानं वाढतं आणि रोजचं कोणतं काम सुटलं, एवढं घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या. सूज, पुरळ, हातापायाचे झटके येतात-जातात. त्यांचा फोटो, व्हिडिओ काढून ठेवा.

डॉक्टर कन्नड बोलणारे आणि आपलं कन्नड बाजारापुरतं, हा आपल्या सीमाभागातला नेहमीचा प्रसंग. दोन वाक्यं पाठच करा : ‘इदु होसदु’, म्हणजे हे नवं आहे, आणि ‘मोदलु हीगे इरलिल्ल’, म्हणजे आधी असं नव्हतं. सीमाप्रश्न दवाखान्याच्या पायरीवर चपलांसोबत ठेवायचा.

आता औषधं. इथं सगळ्यात जास्त घोळ. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या माणसाची एक फाईल मिरजेत, दुसरी बेळगावात, आणि गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या कागदी पुडीत. तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं दुप्पट पोटात जातं, किंवा किडनी नाजूक असताना वर दुखण्याची गोळी चालू राहते. नावं तोंडी सांगू नका, पट्ट्याच पिशवीत घालून न्या. पट्टीवरचं मोठं नाव कंपनीनं दिलेलं असतं, बारीक अक्षरातलं खरं औषध.

कारण नवं लक्षण कधी कधी औषधाचंच असतं. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींचं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. तळपायाच्या मुंग्या शुगरच्या नावावर खपतात आणि साधी रक्ततपासणी राहून जाते. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या घोट्यांना सूज येते. रॅमिप्रिल, एनालाप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो आणि माणूस खोकल्याच्या बाटल्या रिचवत बसतो. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही. संधिवात, दम्यासाठी रोज प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्यानं तर कधीच नाही. ती अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं. शिवाय या गोळीमुळे आत मोठा संसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही. ‘ताप नाही ना, मग काही नाही’ हे त्यांना लागू नाही.

खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात फुकट होते. शुगरवाल्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा जास्त, त्यामुळे धूळ, थंडी, विडी ही कारणं तपासणीनंतर. न ठरवता वजन उतरत असेल तर ‘डाएटचा गुण आला’ म्हणून खूश होऊ नका. साठ किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत तीन किलो गेलं तर ती तक्रारच आहे.

बीपी घरी मोजणार असाल तर पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, आठवडाभर. चहा पिऊन, जिना चढून घेतलेला आकडा दाखवला की डॉक्टर सगळी वहीच बाजूला सारतात.

एका गोष्टीत मात्र चिठ्ठी-बिठ्ठी काही नको. शुगरवाल्याला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो : दरदरून घाम, दम, मळमळ, जबडा किंवा हात भरून येणं. आधी १०८ लावा, आणि ग्लुकोमीटर हाताशी असेल तर गाडी येईपर्यंत शुगर फार उतरली नाही ना ते बघा. पोचल्यावर लगेच ईसीजी मागा. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास तसाच असेल तर ‘पुन्हा काढता का, ट्रोपोनिन करता का?’ असं विचारा. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी. एका नॉर्मल ईसीजीनं अटॅक नाही असं ठरत नाही.

एरवी ओपीडीत ‘जुनंच आहे’ म्हणाले तर वाद घालू नका, तीन गोष्टी विचारा. जुनंच आहे हे कशावरून? दुसरं काय असू शकतं? किती दिवसांत उतार पडला नाही तर परत यायचं? नवी तक्रार तारखेसह केसपेपरवर लिहायला सांगा आणि तिथंच मोबाईलवर फोटो काढून घ्या. पुढच्या खेपेला खुर्चीत बहुतेक दुसरेच डॉक्टर असतात.