'पुट ऑफ' म्हणजे रद्द नव्हे

संध्याकाळपासून डोकं सणकलंय. शेजारची पोर इंग्रजीच्या चाचणीचा पेपर घेऊन आली, डोळे भरलेले. 'कॉल ऑफ', म्हणजे रद्द, हवं तिथं 'पुट ऑफ' लिहिलं, मार्क गेला. मार्काचं सोडा. शाळेत सांगितलं म्हणे, "यात समजायचं काही नसतं, पाठ कर."

पाठ कर! मलाही हेच सांगितलं होतं. 2003 साली पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला, इंटरव्ह्यू 'पुट ऑफ' झालाय. मला वाटलं, रद्द. वडील कापड विणायच्या मागावर कामाला होते, तिथं जाऊन त्यांना सांगून टाकलं. प्रत्यक्षात तो फक्त पुढे ढकलला होता. पंधरा दिवसांनी कळलं, होऊनसुद्धा गेला.

आता बघा, वर मी 'सांगून टाकलं' लिहिलं. 'सांगून बसलो' लिहिलं असतं तर पस्तावा आला असता. 'सांगून ठेवलं' म्हणजे पुढची सोय केली. 'सांगून पाहिलं' म्हणजे प्रयत्न केला, बहुधा कुणी ऐकलं नाही. क्रियापद एकच, शेपूट बदललं की अर्थ फिरतो. हे आपल्याला कुणी पाठ करायला लावलं होतं का? मग इंग्रजी शिकवताना ह्याचा आधार का घेत नाहीत? इंग्रजीत शेपटाला ऑफ, अप, इन असले बारके शब्द येतात, नियम तंतोतंत जुळत नाही, मान्य. काही पाठही करावे लागतात. बरं.

पण ही सोलापूरच्या पूर्व भागातली पोर घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी, आणि आजूबाजूच्यांमुळे कानडी कळतं. दहा वर्षांच्या जिवाला तीन भाषा येतात, आणि तिला सांगतात, तुझी भाषा कच्ची आहे! संताप येतो.

तिला जवळ बसवून विचारलं, सांगून टाकलं आणि सांगून बसले, फरक काय? पटकन म्हणाली, "बसले म्हणजे आता ओरडा खाणार, काका." म्हटलं, मग हेही येईल तुला. 'गिव्ह अप' म्हणजे गणित सुटेना म्हणून वही मिटली. 'गिव्ह इन' म्हणजे तू हट्ट धरलास आणि आई नमली. पावसामुळे सहल पुढच्या शनिवारी गेली तर? "पुट ऑफ." आणि जायचंच नाही असं ठरलं तर? "कॉल ऑफ." दहा मिनिटं लागली, मंडळी. दहा.

ती उड्या मारत घरी गेली आणि मला वडील आठवले. तो इंटरव्ह्यू रद्दच झाला, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. खरं काय ते मी त्यांना कधी सांगितलंच नाही.