गोल्फचं मैदान निवडताना न खेळणाऱ्याकडे बघा

परवा ऑफिसमधल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मला गोल्फ शिकायचंय. मुंबईत जायचं कुठे?" जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून सवडीने इथे लिहितेय. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

आधी सरळ उत्तर देते. खारघर. सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स, सेक्टर २२ मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी. सदस्यत्व लागत नाही, कुणाची ओळख काढावी लागत नाही. वेळ ठरवायची, ग्रीन फी (मैदानावर खेळायचं शुल्क) भरायची आणि खेळायला उतरायचं. आमच्यासारख्या पगारदार माणसाला मुंबईच्या आसपास गोल्फ खेळता येतो तो या एका मैदानामुळे.

बाकी मुंबईत गोल्फ काही नवा नाही. १८४२ साली इथे रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब निघाला होता, म्हणजे आपल्याकडे आगगाडी धावायच्या ११ वर्षं आधी. आज हाजी अलीजवळ विलिंग्डन आहे, चेंबूरला १९२७ पासूनचा बॉम्बे प्रेसिडेन्सी आहे, कुलाब्याला समुद्राला लागून यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब आहे. तिन्ही मैदानं १८ होलची (बॉल ज्यात पाडायचा ते १८ खळगे), सुरेख राखलेली, तिन्ही क्लबांची. क्लबाचं मैदान सदस्यांसाठी असतं आणि बाहेरच्याने पाहुणा म्हणून जायचं असतं, यात गैर काही नाही. पण मी चेंबूरमध्येच लहानाची मोठी झाले. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर १८ होल होते आणि वयाच्या चाळिशीपर्यंत मी हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरला नव्हता.

पहिल्यांदा खऱ्या मैदानावर गेले तो दिवस मी विसरणार नाही. वर्षभर सरावाच्या रेंजवर मॅटवरून बॉल मारून झाले होते. एका ओळखीच्या सदस्याने एका क्लबात (नाव लिहीत नाही, आणि कृपया कमेंटमध्ये अंदाज बांधू नका) पाहुणी म्हणून नेलं. सोडायला बाबा आले होते. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेले, आयुष्यभर बस चालवलेली. लेक काय खेळते ते एकदा बघावं, एवढीच त्यांची इच्छा. फाटकावर सांगितलं गेलं की जे खेळणार नाहीत त्यांना आत सोडता येत नाही, त्यांनी गाडीत बसावं. बाबा म्हणाले, "तू जा गं, मी बसतो." मी खेळून बाहेर आले तर ते पार्किंगमधल्या एका झाडाखाली उभे होते. साडेचार तास झाले होते. "झालं का छान?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्या दिवशी एक होल मी पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत, केला होता, तेसुद्धा मला त्यांना सांगवेना.

तेव्हापासून कुठलंही मैदान जोखायची माझी कसोटी ठरून गेली. मैदान किती यार्डांचं, ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) किती वेगाची, क्लबहाऊसमध्ये कॉफी कशी मिळते, हे सगळं नंतर. आधी हे बघायचं की जो खेळत नाही, त्याला तिथे कसं वागवतात. सोबत आलेला बाप, पोराला आणायला आलेली आई, कडेच्या रस्त्याने चालायला निघालेले आजोबा. यांना जिथे जागा आहे, तिथे नवशिक्यालाही जागा असते. जिथे यांना हटकतात, तिथे तुमचा तिसरा बॉल झाडीत गेला की मागच्या चौकडीचे सुस्कारे तुम्हाला ऐकू येणार, हे धरून चाला.

खारघरला पहिल्यांदा गेले तेव्हा बाबांना मुद्दाम घेऊन गेले. पहिल्या टीजवळ (जिथून पहिला फटका मारतात तिथे) ते हात मागे बांधून उभे राहिले. कुणी काही विचारलं नाही. माझा पहिला फटका उजवीकडे वळून रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, गेला आणि बाबांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यामागे थांबलेल्या अनोळखी गृहस्थांनीही वाजवल्या. माझं मैदान तिथेच ठरलं.

हे मैदान सुरू झालं तेव्हा ११ होलचं होतं, मग सिडकोने ते १८ होलचं करायचं काम हाती घेतलं. ११ असताना आम्ही सात होल पुन्हा खेळून १८ पूर्ण करायचो. पुष्कळजण त्याला नाकं मुरडत. मला ते आवडायचं. सकाळी चुकलेला होल त्याच दिवशी सुधारायची संधी फार कमी मैदानं देतात.

आता मैदानाबद्दल. डोंगर कायम एका बाजूला असतो आणि तो डोळ्यांना फसवतो. ग्रीनवर बॉल ठेवून वाकून बघितलं तर जागा सपाट वाटते, कधी तर डोंगराकडे उतार आहे असंच दिसतं. एकदा असाच सहा फुटांचा पट (ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवायचा फटका) होता. सरळ मारणार, तेवढ्यात कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) म्हणून आलेला मुलगा म्हणाला, "ताई, डोंगर कुठंय ते बघा आधी. बॉल त्याच्यापासून लांब पळणार." मी होलच्या डावीकडे, डोंगराच्या बाजूला वीतभर सोडून पटर (पट मारायचा क्लब) लावला. बॉल निघाला, अर्ध्यापर्यंत अगदी सरळ गेला आणि शेवटच्या दोन फुटांत कुणी फुंकर घातल्यासारखा उजवीकडे झुकला. होलचा व्यास १०८ मिलीमीटर. कडेला लागून अर्धा फेरा घेतला आणि आत पडला. ते टक् ऐकायला मी पुढे कितीतरी शनिवार पहाटे उठले आहे.

हा मुलगा जे सांगून गेला ते माझ्या रेंजवरच्या कोचने वर्षभरात सांगितलं नव्हतं. म्हणून नवीन मैदानावर पहिल्या खेपेला कॅडी घ्याच. पैसे वाचवायचे तर बॉल जुने घ्या, कॅडीत काटकसर नको. आणि त्याला नाव विचारा. "ए कॅडी" अशी हाक मारणारी माणसं मी बघितली आहेत आणि त्यांच्याबरोबर मी दुसऱ्यांदा खेळत नाही.

जाण्यायेण्याचंही बघा, कारण मैदान कितीही छान असलं तरी पोहोचायला दोन तास लागले तर तुम्ही वर्षातून चारदा जाल आणि हा खेळ वर्षातून चारदा खेळून येत नाही. हार्बरने बेलापूर, तिथून नवी मुंबई मेट्रो. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मार्ग सुरू झाल्यापासून सेंट्रल पार्क स्टेशनला उतरून पुढे रिक्षा करता येते. मी अर्धी बॅग नेते. नियमाने १४ क्लब चालतात, पण नवशिक्याला सात पुरतात: एक हायब्रिड, ५, ७, ९ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, पहिलं वर्ष घरीच राहू दे. एवढी बॅग लोकलच्या महिला डब्यात सहज मावते. बायका विचारतात, "यात काय आहे हो?" मी चेन उघडून दाखवते. एका मावशींनी पटर हातात घेऊन, तोलून बघितला आणि म्हणाल्या, "हा तर चांगला जड आहे की." त्यांना मी सांगितलं, या एकदा. मनापासून सांगितलं होतं.

पावसाळ्यात खेळायचं का, असंही त्या मुलीने विचारलं होतं. खेळायचं. आपल्याकडे पावसाचे चार महिने सोडले तर उरतं काय? फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) ओलं असलं की बॉल पडतो तिथेच थांबतो, पुढे घरंगळत नाही, म्हणून एक क्लब मोठा (जरा लांब मारणारा) घ्या. बॉल स्वतःच्याच खळग्यात रुतून बसला तर नियमाने दंडाशिवाय उचलता येतो, पुसून शेजारी सोडता येतो. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) मात्र ही सवलत नाही. दोन ग्लोव्ह आणि बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा पंचा ठेवा. पंचाच, तो मऊ टर्किश टॉवेल भिजला की निरुपयोगी. आणि विजा चमकायला लागल्या की हातातला क्लब खाली ठेवून आत यायचं, त्यात वाद नाही.

हे सगळं शिकता येईल. मूळ मुद्दा वेगळा आहे, आणि तो फक्त आपल्या गावापुरता नाही. ज्या स्कॉटलंडमध्ये हा खेळ वाढला, तिथलं सेंट अँड्र्यूज घ्या. जगातलं सगळ्यात नावाजलेलं मैदान, तिथलं ओल्ड कोर्स, सार्वजनिक आहे. एक ट्रस्ट ते सांभाळतो, वेळेसाठी चिठ्ठ्या टाकतात, आणि रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन, पोरांना घेऊन फेअरवेवरून फिरतात. न खेळणाऱ्याचा हक्क तिथे आठवड्याच्या वेळापत्रकातच धरलेला आहे. आपल्याकडे दिल्लीत लाडो सरायला डीडीएने (दिल्ली विकास प्राधिकरणाने) कुतुब गोल्फ कोर्स लोकांसाठी उघडलं, त्यालाही आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मुंबईला एवढा उशीर का, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

माझं आजोळ नाशिकचं. तिथल्या गोल्फ क्लब मैदानाचं नाव आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण रिक्षावाल्याला आजही "गोल्फ क्लब" सांगितलं की तो बरोबर नेतो. रणजीचे सामने तिथे होतात आणि पहाटे अर्धं नाशिक तिथे चालायला येतं. माझी आजी नऊवारीत आणि कॅनव्हासच्या बुटांत तिथे फेऱ्या मारायची. गोल्फ तिने जन्मात पाहिला नाही, पण "मी गोल्फ क्लबला जाऊन येते" म्हणूनच घरातून निघायची. मला वाटतं, गोल्फच्या मैदानाचं इतकं चांगलं नशीब फार कमी ठिकाणी उघडलं असेल.

आता एक गोष्ट, जी माझ्या काही गोल्फवाल्या मित्रांना रुचणार नाही. मुंबईला आणखी सार्वजनिक गोल्फ हवा, याबद्दल मी कुणाशीही भांडेन. पण नेरूळच्या एनआरआय कॉम्प्लेक्समागच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स करायची योजना होती, ती मला कधीच पटली नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अडवली, तेव्हा मला हायसं वाटलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. खाडीला भरती आली की फ्लेमिंगो या तलावांवर येऊन उभे राहतात. मी स्वतः काठावर उभी राहून पाहिले आहेत, हजारोंनी, एक पाय पोटाशी घेऊन, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. तेही न खेळणारेच. त्यांना उठवून तिथे टी बांधायची असेल तर मी माझी बॅग माळ्यावर टाकेन.

आणि त्यासाठी पाणथळच कशाला हवी? १८ होलला शंभर-सव्वाशे एकर लागतात, मान्य. पण नऊ होलचं छोटं पार-तीन (प्रत्येक होल तीन फटक्यांचा) मैदान पंधरा-वीस एकरांत बसतं. रेंज तर त्याहून कमी जागेत. प्रत्येक उपनगरात एक सार्वजनिक रेंज, मॅट, भाड्याने मिळणारे क्लब आणि बघायला आलेल्यांसाठी सावलीत चार बाकडी, इतकं झालं तरी चेंबूरच्या, कुर्ल्याच्या, विक्रोळीच्या मुलींना चाळिशीची वाट बघावी लागणार नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा सकाळी सकाळी टीव्हीसमोर बसलेल्या कितीजणींना त्याच आठवड्यात क्लब हातात घेऊन बघावासा वाटला असेल. त्यांना पाठवायचं कुठे?

तर, ऑफिसमधल्या त्या मुलीला: शनिवारी सकाळची वेळ मी घेतली आहे. आम्ही तिघं आहोत, चौथी जागा रिकामी आहे. बूट साधे रबरी तळव्याचे चालतील, क्लब माझे वापर. तुझी आई बघायला यायची म्हणत होती ना, तिलाही आण. बाबा येणारच आहेत, फोल्डिंगच्या दोन खुर्च्या आणि चहाचा थर्मास घेऊन.