दोन सूत

आमच्या घरात मी हुशार ठरलो तो एका कूलरमुळे. तीन उन्हाळ्यांपूर्वी, पारा 44 वर असताना, कूलरचा पंप बंद पडला. मी तो उघडला, फुंकर मारली, परत बसवला आणि तो सुरू झाला. का सुरू झाला ते मला अजून ठाऊक नाही. पण तेव्हापासून नात्यातली कुठलीही स्क्रू असलेली वस्तू रुसली की ती थेट जुळे सोलापुरात आमच्या दारात येते. मी शाळेत गणित शिकवतो. गणिताचा आणि पान्याचा संबंध काय, हे कोणी विचारत नाही.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला.

"मामा, तुमच्याकडे एक पार्सल येईल. काइटबोर्ड आहे, सेकंडहँड. मी चेन्नईच्या गाडीने निघतोय, पुढं रामेश्वरमला जायचंय. वाटेत दोन दिवस तुमच्याकडे उतरतो. तेवढे पायाचे स्ट्रॅप बसवून ठेवता का? चारच बोल्ट आहेत."

"चारच बोल्ट आहेत" हे वाक्य "फक्त एक सही हवीय"च्या जातीचं असतं, हे कळण्याचं माझं वय केव्हाच झालंय. तरी मी हो म्हणालो. कूलरच्या इज्जतीचा प्रश्न होता.

पार्सल उघडलं. 138 सेंटिमीटर लांब, 41 रुंद, करंगळीएवढी जाड अशी एक रंगीत फळी निघाली. दोन्ही टोकं सारखीच. पाण्यात दिशा बदलायची तर फळी वळवायची नाही, आहे तशीच उलटीकडे चालू पडायचं. (राजकारणात याला वेगळा शब्द आहे.) खालच्या अंगाला चार कोपऱ्यांत चार छोटी पाती, मधोमध धरायला मूठ. सोबत दोन रबरी पायतळ आणि त्यांवर रुंद पट्टे. दिसायला अगदी न्हाणीघरातल्या चपला, फक्त या चपला फळीला कायमच्या पिळून टाकायच्या.

शेजारचे काका गिरणीत आयुष्य घालवून आता आमच्या ओसरीवर लक्ष ठेवून असतात. ते लगेच हजर झाले.

"हे काय ओ सर?"

"पतंगाची फळी."

"पतंगाला फळी?"

मी समजावलं. पतंग म्हणजे आपला मांज्याचा नव्हे. नऊ, बारा चौरस मीटरचा, हवा भरून फुगवलेला, वीस-बावीस मीटर दोऱ्यांवर. 1984 साली दोन फ्रेंच भावांनी अशा फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं, तिथून हा उद्योग मार्गी लागला. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो, आणि माणूस टाचांवर मागं रेलून फळीची कड पाण्यात रोवतो. फळी पायांतून सुटली की माणूस नुसताच ओढला जातो. म्हणून हे पट्टे.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नळाला पाणी चार दिवसांआड, आन् तुमी पाण्यावर पतंग उडवायलाव."

"काका, 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये होता हा खेळ."

"असंल. पन सोलापुरात समुद्र कुटाय?"

"पॅरिसला तरी कुठाय? शर्यती मार्सेलला नेऊन घेतल्या त्यांनी."

काका निरुत्तर झाले. ऑलिम्पिकच्या फळ्यांखाली पाण्यात उभं पातं असतं आणि फळी पाण्याला न टेकता धावते, तो प्रकार निराळा, हे मी सांगितलं नाही. काका निरुत्तर होण्याचे प्रसंग वर्षात दोन.

आता बोल्टांकडे. फळीत जिथं पाय यायचे तिथं आटे पाडलेली धातूची भोकं बसवलेली असतात, ओळीनं, एकमेकांपासून 25 मिलिमीटरवर. पायतळातून बोल्ट घालायचा, मधे वॉशर, आणि खाली भोकात पिळायचा. या फळीवर एका पायाला दोन बोल्ट, दोन पायांना चार. पुडीत बोल्ट निघाले तीन. खोक्यातला कागदन् कागद झटकला. तीनच.

मी तडक मधल्या मारुतीजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं जगातला सर्वांत शहाणा प्रश्न विचारला, "सँपल आणलाव का?"

सँपल घरी फळीवर होतं. मी करंगळीचं एक पेर दाखवून म्हटलं, "साधारण एवढा." गणिताच्या मास्तरानं माप बोटावर सांगावं! सातवीतल्या एखाद्यानं हे केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"मग दोन सूत असंल," दुकानदार म्हणाला.

सोलापुरात सूत म्हटलं की आधी चादर आठवते, मग टॉवेल, मग गिरणीचा भोंगा. हार्डवेअरवाल्याचं सूत मात्र वेगळं. ते इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर. आणि काइटबोर्डला लागतो तो एम सिक्स, 6 मिलिमीटरचा. फरक 0.35 मिलिमीटर. शिवाय एम सिक्सचे आटे एकेका मिलिमीटरवर, तर पाव इंचीला इंचात वीस, म्हणजे आट्याआट्यात 1.27 मिलिमीटर. हे ज्ञान मला नंतर झालं. त्या दिवशी घरी येऊन दोन्ही बोल्ट शेजारी ठेवले तेव्हा ते सख्खे भाऊ वाटले. आणि मी शहाणपणानं एक नव्हे, सहा आणले होते.

पहिला बोल्ट भोकावर ठेवून फिरवला. जाईना. हातानं जात नाही म्हणजे पान्याचं काम, असा माझा समज. पाना लावला, दात ओठ खाल्ले. बोल्ट दीड फेरा आत गेला, कर्र असा आवाज झाला आणि तो थांबला. आता तो आतही जाईना आणि बाहेरही येईना. महत्प्रयासानं उलटा फिरवून काढला, तर आट्यांत चंदेरी कीस. मग खरा बोल्ट लावून पाहिला. तोही जाईना.

आटे गेले होते.

रात्री भाच्याचा फोन. "मामा, झालं का?"

"होत आलंय," मी म्हणालो. हे उत्तर मी वहीत गृहपाठ नसलेल्या मुलांकडून शिकलोय.

पुढचे दोन दिवस फळी गच्चीत पडून होती. पडून म्हणजे वाया नव्हे. हिनं तिच्यावर प्लास्टिक अंथरून कुरडया घातल्या. "चांगली सपाट आहे, वाऱ्यानं हलत नाही," असा तिचा अभिप्राय. पन्नासेक हजारांची वस्तू आहे म्हटल्यावर तिनं आणखी एक घाणा घातला.

शेवटी काकांनीच तोड काढली. "पूर्व भागात चला. माझ्या वळखीचा जॉबर हाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. माग अडला की तो येतो, कान लावतो आणि कुठला बोल्ट ढिला ते सांगतो. अशोक चौकाच्या पुढं एका बोळात कारखाना, आत खटाखट इतका की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. जॉबरनं फळी मांडीवर घेतली. चिकटलेली एक कुरडई नखानं काढून बाजूला ठेवली. भोकात बॅटरीचा उजेड मारला आणि माझ्याकडं पाहिलं. गणिताच्या तासाला मी मुलांकडं तसं पाहतो.

"सर, दोन सूत घातलाव व्हय ह्यात?"

मी मान हलवली.

"जुने माग समदे सुतात ओ. विलायती माप. नवीन मशिनी आल्या त्या एम.एम.मधी. हितं तर रोज दोनी लागतंय, म्हणून डबे येगळे." मग त्यानं ते सांगितलं जे दुकानदाराच्या पाटीवर लिहायला हवं, "बोल्ट दोन बोटानं फिरला तर आपला. पाना लागला तर दुसऱ्याचा."

त्यानं एम सिक्सचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, काढला, दोन थेंब तेल सोडलं आणि अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, अशा चालीनं आटे साफ केले. इतक्या हळुवारपणे मी आयुष्यात काही केलेलं नाही. नशीब, वरचे दीडच आटे बिघडले होते, खालचे शाबूत होते. पण त्याच्या डब्यातला बोल्ट त्यानं दिला नाही. "ह्यो लोखंडी. समुद्राचं पानी लागलं की गंजून आतच बसंल. एस.एस.चा, म्हंजे स्टेनलेस स्टीलचा घ्या. आन् लांबी हीच पाहिजे." लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, तरी पिळत राहिलं तर फळीच्या पोटाला फुगवटा आणतो. माझ्यासारखा माणूस पिळत राहणार, हे त्यानं ओळखलं होतं. पैसे घेतले नाहीत. मुलाला दहावीत गणित अवघड जातंय म्हणाला. दर रविवारी तो मुलगा आता माझ्याकडं येतो. व्यवहार कोणाला महाग पडला हे अजून ठरायचंय.

सँपल खिशात घालून मी परत हार्डवेअरच्या दुकानात. "आता आणलाव," एवढंच तो म्हणाला.

मग बसवण्याचा भाग. हा मला चार बोल्टांचा वाटत होता. तो निघाला चार निर्णयांचा. दोन पायांत अंतर किती? खांद्यांच्या रुंदीहून थोडं जास्त, आणि मधल्या मुठीपासून दोन्हीकडं सारखं. मी आधी एकीकडं दुसरं भोक धरलं, दुसरीकडं तिसरं, मग मोजून सारखं केलं. पायतळ टाचेच्या कडेला सरकवायचा की बोटांच्या? टाचेकडं सरकवला तर कड रोवायला जोर मिळतो. पाऊल किती तिरकं? त्यासाठी प्लेटवर अंशांच्या रेघा होत्या. इथं मी खुललो, अंश हा माझा प्रांत. दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला थोडी उघडी, बदकासारखी, असं भाच्यानं सांगितलं होतं. मी बारा-बारा अंश लावले, काटेकोर. उभा राहिलो तर दोन्ही अंगठे एकमेकांकडं तोंड करून गप्पा मारू लागले. डावा पायतळ उजवीकडं बसला होता. चार बोल्ट काढले, चार परत घातले. दोन बोटांनी.

"चाचणी नको का?" काका म्हणाले.

हॉलमध्ये गादी टाकली, तिच्यावर फळी. मी पट्ट्यांत पाय घातले आणि वेल्क्रो कचकन आवळलं, ढिलं नको म्हणून. पतंग म्हणून आमची सोलापुरी चादर, डबल बेडची. तिचं एक टोक माझ्या हातात, दुसरं काकांच्या. मी टाचांवर मागं रेललो. काका गिरणीच्या जोरानं ओढू लागले. सांगतो, दोन सेकंद मला खरंच कळलं की ही पोरं पैसे घालवून रामेश्वरमला का जातात. सगळं वजन टाचांवर, समोर ओढ, आणि त्यांच्या मधे आपण तिरके, न पडता.

मग फोन वाजला आणि काकांनी चादर सोडली.

मी पाठीवर पडलो. फळी पायांसकट हवेत आली, कारण आवळलेल्या पट्ट्यांतून पाय सुटेनात. फळीच्या टोकानं टीपॉयवरची शेंगा चटणीची बरणी उडाली. ही स्वयंपाकघरातून आली, आम्हा दोघांकडं पाहिलं, चटणीकडं जास्त वेळ पाहिलं. फोन भाच्याचा होता. तो सांगत होता, "मामा, स्ट्रॅप फार आवळू नका हं. पडल्यावर पाय सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा पिरगळतो." गादीवर उताणं पडून मी म्हटलं, "माहितीय."

भाचा आला. फळीवर उभा राहिला, खाली पाहिलं, एक बोल्टही न हलवता म्हणाला, "मामा, एक नंबर! दुकानात पण इतकं नीट करून देत नाहीत." काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी कूलरकडं पाहिलं.

मग त्यानं बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि शांतपणे सगळे बोल्ट सोडवू लागला.

"अरे!"

"स्ट्रॅप लावून बॅगेत बसत नाही ना मामा. तिथं जाऊन लावतो. चारच बोल्ट आहेत."

स्टेशनवर निघायची घाई. बोल्ट हिनं एका पिशवीत घालून दिले, चटणी आणि कडक भाकरीच्या शेजारी.

तीन दिवसांनी, दुपारी मी जेवायला बसलो होतो, तर रामेश्वरमहून फोन. मागं वाऱ्याचा आवाज.

"मामा, पिशवीत नऊ बोल्ट निघाले. तीन लागले व्यवस्थित. चौथा थोडा घट्ट जातोय. पान्यानं जोर लावू का?"