खुलासा : स्त्रीवेश, कॅमेरे आणि नाशिकमध्ये फिरणारा संदेश

सिंहस्थासाठीचे कॅमेरे स्त्रीवेशातील पुरुष हेरून त्याच्या घरी कळवतात आणि असा वेश करणे गुन्हा आहे, असा संदेश नाशिकमधील व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

केवळ स्त्रीवेश करणे हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा नाही. उलट, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्याच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेशभूषेतून लिंगभाव व्यक्त करण्याला संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) चे, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण असल्याचे स्पष्ट केले आहे.

चेहरा ओळखणारी प्रणाली साडी किंवा विग पाहत नाही. डोळे, नाक, हनुवटी यांची ठेवण ती आधीच्या नोंदीतील छायाचित्रांशी ताडून पाहते, आणि म्हणूनच मेकअप केला की आपण ओळखले जाणारच नाही, हा दिलासाही खरा नव्हे.

माझ्या मते अधिक मोठा धोका घराजवळ आहे. सोसायटीच्या कॅमेऱ्याचे चित्रण अनेकदा काही रहिवाशांच्या मोबाइलवरही दिसते, आणि स्वतः काढलेला फोटो कुटुंबाच्या सामायिक खात्यात आपोआप जाऊ शकतो. हे सेटिंगमधून थांबवता येते.

अशा संदेशाने आधीच धास्तावलेली माणसे आणखी एकटी पडतात. कृपया तो पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.