वांगं सोडायचंय? आधी देव गाठा

तर तुम्ही पस्तिशी ओलांडलीये, घराचे हप्ते भरताय, संध्याकाळी दादरला विरार लोकलमध्ये चढून दाखवताय, आणि तरीही वांगं खात नाही. अभिनंदन. म्हंजे बाकी आयुष्यात तुम्ही काय केलंत त्याला आता काही किंमत नाही, इथून पुढे प्रत्येक बारशाला, हळदीला आणि ऑफिसात डबा खाताना तुमची ओळख ‘ती वांगं न खाणारी’ एवढीच. मी सदतीस वर्षं असा बिनवांग्याचा संसार केलाय, त्यामुळे चार गोष्टी अनुभवाने सांगते.

‘आवडत नाही’ हे दोन शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. मी काढले आणि तिथेच फसले. ते ऐकलं की समोरच्या बाईला चेवच येतो, "माझ्या हातचं खाल्लं नाहीस म्हणून!" मग भरली वांगी येतात, कूट, गोडा मसाला, गूळ सगळं अगदी मन लावून भरलेलं, आणि मधोमध देठ वर करून ते वांगं माझ्याकडे बघत बसलेलं. मी सांगते की अहो मसाला छानच आहे, पण आतलं ते गिळगिळीत आणि त्या बिया, तोंडात घेतलं की उमासा येतो. "मग नुसता रस्सा घे." रस्सा घेतला की "एक फोड खाल्लीस तर मरणारेस का", आणि खाल्ली फोड आणि झालं तोंड वाकडं तर "सासरी कसं व्हायचं गं हिचं". मला सासरी येऊन अकरा वर्षं झाली! मुलगी तिसरीत आहे!!

काही जणी बोलत नाहीत, त्या सरळ फसवतात. आमच्याकडे एकदा थालीपिठात वांगं भाजून मळलेलं होतं आणि मी दोन खाल्ल्यावर सगळं घर टाळ्या पिटत होतं, "बघ, कळलं का? नाही ना कळलं?" मुलांच्या पोटात दुधी जावा म्हणून आपण जे करतो ना, तेच. फक्त इथे मूल सदतीस वर्षांचं आणि त्याचं पॅनकार्ड वगैरे आहे.

म्हणून सांगते, कारण द्यायचं तर देवाचं द्या. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, तेव्हापासून कांदा, लसूण, वांगं बंद. फक्त त्याच्या दोन दिवस आधी कांदेनवमी असते ती सांभाळा, तेव्हा लोक आता चार महिने मिळणार नाही म्हणून वांग्यावर तुटून पडलेले असतात आणि तुम्हालाही ओढतात. त्या दिवशी ऑफिसात उशिरापर्यंत थांबा. कार्तिकीला चातुर्मास सुटतो पण घाबरू नका, बऱ्याच घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगं खात नाहीत, म्हंजे तुमचा मुक्काम थेट मार्गशीर्षापर्यंत वाढला. जवळजवळ पाच महिने! मी एका वर्षी मावशीला नुसतं म्हटलं, "चातुर्मास पाळतेय", तर जी बाई मला वीस वर्षं नखरेल म्हणत आली तिने पाठीवरून हात फिरवला. वांगं तेच, ताट तेच, मी पण तीच.

आता उपासाचं निघालंच आहे तर साबुदाण्याच्या खिचडीकडे बघा जरा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा आणि मिरचीपण अमेरिका खंडातूनच आलेले, बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा. हे सगळं पवित्र. आणि वांगं, जे इथलं आपलं, ते निषिद्ध. मला काय, मला चालतंय. पण नियम कोणी केले त्याला विचारायची सोय नाही आणि मला मात्र प्रत्येक पंगतीत जबाब द्यायचा.

विज्ञानाच्या वाटेला अजिबात जाऊ नका, मी जाऊन आलेय. मावशीला सांगितलं की १९३१ साली डुपाँ कंपनीत आर्थर फॉक्स नावाच्या केमिस्टच्या हातून एक पावडर हवेत उडाली, शेजारच्याला ती कडूजहर लागली आणि फॉक्सला काही म्हंजे काहीच चव नाही, आणि पुढे कळलं की हा फरक जन्मजातच असतो. म्हणजे प्रत्येकाची जीभ वेगळी. मावशी शांतपणे म्हणाली, "त्याच्या आईने सवय लावली नसेल." २०१३ पासून डॉक्टरांच्या पुस्तकात एआरएफआयडी नावाचा आजार आहे, त्यात खाणं इतकं मोजकं होतं की वजन उतरतं, पोषण बिघडतं. माझं तसलं काही नाही, माझ्याकडे बघून उपासमार कोणाला आठवणार नाही. पण ज्यांना तो खरंच आहे त्यांनाही बहुतेक हेच ऐकावं लागत असणार, नुसता रस्सा घे.

ऑफिसात देव चालत नाही, तिथे डाएट सांगा. आमच्यातला एकजण किटोवर आहे, भात नाही, पोळी नाही, डाळ नाही, केळं दिसलं तरी खुर्ची मागे सरकवतो. त्याच्याकडे लोक चार्ट मागतात. दुसरी दुपारी एकपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही, तिची विलपॉवर. मी डब्यातली चार वांगी बाजूला सारली तर "एवढी मोठी झालीस तरी?"

एवढं करूनही उन्हाळ्यात पंचाईत होतेच, चातुर्मास लांब, लग्नं भरपूर. त्यासाठी शेवटचा उपाय म्हणजे काशी. काशीला जाऊन एक भाजी, एक फळ सोडायचं, ते जन्मभर खायचं नाही. खरं तर आवडीचं सोडायचं असतं, पण गंगेच्या काठावर कोण तपासायला येतंय. मी गेल्या मे महिन्यात एका हळदीला ठोकून दिलं की मी काशीला वांगं सोडून आलेय. आजूबाजूच्या सगळ्या गप्प. वाढपीण पुढे गेली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ताटाकडे कोणी बघत नव्हतं.

फक्त मावशीने विचारलं, "कधी गेलीस गं? फोटो दाखव ना."

झालं. मग काय, दिवाळीनंतरचं महानगरीचं रिझर्वेशन करावं लागलं, सीएसएमटीहून वाराणसी. तर रात्री मावशीचा फोन, आवाज एकदम बारीक, काका हॉलमध्ये बातम्या बघत असणार.

"माझं पण तिकीट काढ," म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, ह्यांना दर आठवड्याला शेपू लागतो. मला तो सोडायचाय."